सूचनांची वही



वार्तापत्राच्या संपादक बाईंचा फोन आला. म्हणाल्या, "माजी विद्यार्थ्यांच्या पानासाठी तुझ्या कामाविषयी लिही. पण मुलांना कळेल असं लिही हं, आणि पालकांनाही." मी उत्साहाने हो म्हटले आणि मग माझी पंचाईत झाली. कारण माझे काम माझ्या घरच्यांनाच अजून नीट समजलेले नाही. गेल्या दिवाळीत बडोद्याला आले होते तेव्हा मावशीने विचारले, "तू इंजिनीअर ना गं? मग प्रोग्राम लिहितेस की लोकांशी बोलतेस?" मी म्हटले, "दोन्ही." "म्हणजे एकही धड नाही," असे म्हणून मावशी चकल्या तळायला वळली.

आज या पानावर मावशीला उत्तर देण्याचा प्रयत्न करते. त्या निमित्ताने माझ्या हातून झालेली एक चूकही सांगायची आहे. ती सांगितल्याशिवाय हे काम नेमके कशासाठी असते, ते मला सांगता येणार नाही.

सुरुवात आपल्या शाळेच्या ग्रंथालयापासून करते. माझ्या वेळी ग्रंथालयाच्या दाराशी खिळ्याला एक वही टांगलेली असे आणि तिला सुतळीने बांधलेली पेन्सिल. वहीवर लिहिलेले होते 'वाचकांच्या सूचना'. बहुतेक मुले त्या वहीत चित्रे काढत, नाहीतर एकमेकांची नावे लिहीत. सातवीत असताना मी तीत लिहिले, "भूगोलाच्या नकाशांच्या पुस्तकात आफ्रिकेचे पान नाही." दोन दिवसांनी ग्रंथपाल काका आमच्या वर्गात आले. आता रागावणार, म्हणून मी मान खाली घातली. काका म्हणाले, "हिचं बरोबर आहे. पान फाटलंय. मी दुसऱ्या प्रतीवरून ते काढून चिकटवलंय. वही वाचण्यासाठीच ठेवली आहे, बरं का." एवढेच बोलून ते गेले. मला मात्र त्या दिवसापासून ग्रंथालय आपले वाटू लागले.

आता माझ्या कामाकडे येते. आमची कंपनी निरोप पोहोचवण्याची सेवा पुरवते. दवाखान्याची वेळ कळवणारा किंवा गॅसचा सिलिंडर निघाला हे सांगणारा संदेश तुमच्या फोनवर येतो, तसे संदेश पाठवण्याची यंत्रणा. पण दवाखान्याचा प्रोग्राम आम्ही लिहीत नाही. तो दुसराच कोणी प्रोग्रामर लिहितो आणि आमची सेवा त्यात जोडतो. असे प्रोग्रामर, त्यांना शिकवणारे शिक्षक, आमच्या सेवेवर छोटी-मोठी अवजारे बनवणारे हौशी लोक, माहितीपत्रकांचे भाषांतर करणारे, या सगळ्यांचा मिळून जो गोतावळा होतो त्याला इंग्रजीत 'इकोसिस्टीम' म्हणतात. वडाला जशा पारंब्या फुटतात आणि पुढे त्याच झाडाला आधार देतात, तसे हे आहे. या गोतावळ्याशी नाते राखणाऱ्या आमच्या विभागाला 'डेव्हलपर रिलेशन्स' असे नाव आहे. आम्ही माल विकत नाही. आमच्या सेवेच्या दाराशी आलेला अनोळखी प्रोग्रामर आत येऊन कामाला लागेल, एवढे पाहणे हे आमचे काम.

हे काम चालते कुठे? तर रिपॉझिटरीत. या शब्दाचा साधा अर्थ साठवणीची जागा. प्रोग्रामच्या सगळ्या फाईली तिथे ठेवलेल्या असतात, शिवाय कोणी, कधी, कोणती ओळ बदलली आणि का बदलली याची संपूर्ण नोंद असते. ही नोंद ठेवणारे 'गिट' नावाचे साधन लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली तयार केले. जगभर विखुरलेल्या लोकांना लिनक्सच्या गाभ्यावर एकत्र काम करता यावे, ही त्यामागची निकड होती. २००८ साली 'गिटहब' सुरू झाले आणि अशा रिपॉझिटऱ्या इंटरनेटवर सर्वांसमोर मांडणे सोपे झाले. २०१८ साली मायक्रोसॉफ्टने गिटहब विकत घेतले. २०२३ च्या जानेवारीत तिथल्या खातेदारांची संख्या दहा कोटींवर गेल्याचे गिटहबने जाहीर केले.

पण नुसते उघड्यावर मांडून ठेवले म्हणजे लोकांपर्यंत पोहोचले, असे होत नाही. हे बडोदेकरांना वेगळे सांगायला नको. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. शिकलेल्या माणसाला पुढे वाचायला काही मिळाले नाही तर शिकलेले विसरेल, हे ओळखून १९१० साली त्यांनी अमेरिकेहून बॉर्डन नावाच्या ग्रंथालयतज्ज्ञांना बोलावले. मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले, गावोगाव वाचनालये निघाली. जिथे वाचनालय नव्हते तिथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या पाठवल्या जात, आणि गावकऱ्यांना त्यासाठी काही द्यावे लागत नसे. पुस्तक आणि वाचक यांच्यामधले अंतर कमी करणे हेही ग्रंथालयाचेच काम आहे, असा तो विचार होता. आमचा विभागही रिपॉझिटरीच्या बाबतीत तेच करतो. फक्त आमच्या पेट्या लाकडाच्या नसतात.

आमच्या पेटीत काय काय असते ते सांगते. पहिली गोष्ट 'रीडमी' नावाची फाईल. नावच सांगते, 'मला वाच'. हे काय आहे, कसे सुरू करायचे, अडल्यास कुठे विचारायचे, हे तीत लिहिलेले असते. नवखा माणूस पहिल्या पाच-दहा मिनिटांत रीडमीच्या आधाराने काहीतरी चालू करू शकला तर टिकतो, नाहीतर निघून जातो. जाताना तो तक्रारही करत नाही. म्हणूनच ते जाणे आम्हाला दिसत नाही.

दुसरी गोष्ट नमुन्याचे प्रोग्राम. गूगलच्या फायरबेस या सेवेचे उदाहरण घ्या. अँड्रॉइड, आयफोन, वेब अशा प्रत्येकासाठी त्यांनी 'क्विकस्टार्ट' नावाच्या वेगवेगळ्या रिपॉझिटऱ्या उघड्या ठेवल्या आहेत. विद्यार्थ्याने नमुना उतरवून घ्यायचा, चालवायचा आणि मग त्यात आपले बदल करायचे. गणिताच्या पुस्तकात सोडवून दाखवलेले उदाहरण असते ना, तसेच हे. मात्र सोडवलेले उदाहरणच चुकले तर पुढचा अख्खा वर्ग चुकतो. सेवा बदलते, तिचे नियम बदलतात आणि कालचा नमुना आज चालत नाही. म्हणून चांगले विभाग हे नमुने ठरावीक वेळी यंत्राकडून आपोआप चालवून तपासतात. ज्याची देखभाल यापुढे होणार नाही, त्या रिपॉझिटरीवर तसा स्पष्ट फलक लावून ती फक्त वाचण्यापुरती ठेवतात. बंद विहिरीवर जाळी घालण्याइतकेच हे गरजेचे आहे.

तिसरी गोष्ट परवाना, म्हणजे लायसन्स. प्रोग्राम सर्वांना दिसतो म्हणून तो सर्वांना वापरता येतो, असे नाही. लेखकाचा हक्क त्यावर असतोच. 'वापरा, बदला, वाटा' अशी लेखी परवानगी असली तरच दुसरा तो निर्धास्तपणे घेऊ शकतो. या परवानगीचे मोल आपल्या लिपीपुरते पाहा. मुंबईच्या 'एक टाइप' या गटाने तयार केलेला 'मुक्ता' हा देवनागरी फॉन्ट आणि त्याचेच गुजराती भावंड 'मुक्ता वाणी' खुल्या परवान्याखाली रिपॉझिटरीत ठेवलेले आहेत. कोणत्याही शाळेने त्यात मराठी-गुजराती निमंत्रणपत्रिका छापली तर तिला कोणाला पैसे द्यावे लागत नाहीत आणि कोणाची परवानगीही मागावी लागत नाही.

आणि चौथी गोष्ट, माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची, ती म्हणजे सूचनांची वही! रिपॉझिटरीत 'इश्यू' नावाचा विभाग असतो. काही बिघडले, काही समजले नाही तर कोणीही तिथे लिहू शकतो. त्याच्याही पुढची पायरी म्हणजे 'पुल रिक्वेस्ट'. नुसते 'पान फाटले आहे' असे न सांगता, 'हे घ्या पान, मी दुरुस्त करून आणले आहे, तपासा आणि चिकटवा' असे म्हणण्याची ती रीत आहे. बदल स्वीकारायचा की नाही हे रिपॉझिटरी सांभाळणारा ठरवतो. कुबरनेटिससारख्या मोठ्या प्रकल्पात नवख्यांना जमतील अशा कामांवर 'गुड फर्स्ट इश्यू' अशी चिठ्ठी लावलेली असते. जाणत्याने ते काम दहा मिनिटांत संपवायचे नाही, नवख्यासाठी राखून ठेवायचे, असा तिचा अर्थ. त्याच प्रकल्पाच्या माहितीपत्रकांची हिंदी आणि बंगाली भाषांतरेही अशाच पुल रिक्वेस्टींमधून उभी राहत आली आहेत.

आता माझ्या चुकीकडे येते.

'हॅक्टोबरफेस्ट' नावाचा एक उपक्रम डिजिटलओशन या कंपनीने २०१४ साली सुरू केला. ऑक्टोबर महिन्यात खुल्या प्रकल्पांना ठरावीक संख्येने पुल रिक्वेस्ट पाठवायच्या आणि बक्षीस म्हणून टी-शर्ट मिळवायचा. नव्या लोकांना या जगात आणण्याची कल्पना छानच होती. अनेकांची पहिली पुल रिक्वेस्ट त्यातूनच गेली. पण २०२० साली भलतेच झाले. टी-शर्टच्या ओढीने निरर्थक बदलांचा पूर आला. कोणी रीडमीच्या मथळ्यापुढे एखादे कौतुकाचे विशेषण चिकटवले, कोणी स्वल्पविराम हलवला, कोणी स्वतःचे नाव घातले. प्रकल्प सांभाळणारे, त्यातले बरेच विनामोबदला काम करणारे, अक्षरशः जेरीस आले. शेवटी महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात आयोजकांना नियम बदलावा लागला. ज्या प्रकल्पांनी स्वतःहून 'आम्ही सहभागी आहोत' असे जाहीर केले, तेवढ्याच रिपॉझिटऱ्यांतल्या पुल रिक्वेस्टी मोजायचे ठरले. पुढे २०२३ साली टी-शर्टही बंद झाले. पाठवणाऱ्यांत आपल्याकडचे विद्यार्थी बरेच होते, हे सांगताना वाईट वाटते.

आमच्या नमुन्यांच्या रिपॉझिटरीतही तो पूर आला. करोनाचे दिवस, घरूनच काम, विभागात आम्ही तिघे. सकाळी संगणक उघडला की रात्रीतून आलेल्या पुल रिक्वेस्टींची रांग. बहुतेकींचे शीर्षक एकच, 'अपडेट रीडमी'. पहिले दोन दिवस मी प्रत्येक उघडून वाचली. तिसऱ्या दिवशी माझा संयम सुटला. तसे शीर्षक दिसले की न उघडता बंद करायची आणि वर 'स्पॅम' अशी चिठ्ठी डकवायची. एका दुपारी मी अशा चाळीसेक बंद केल्या आणि जेवताना फुशारकीने सांगितले, "आज अंगण झाडून काढलं!"

पुढच्या जानेवारीत एका इंजिनीअरिंग कॉलेजच्या मुलांसाठी मी ऑनलाइन कार्यशाळा घेतली. साठ मुले होती. मी म्हटले, "रीडमी उघडा आणि त्याप्रमाणे करत जा. पाच मिनिटांत पहिला संदेश जाईल." पाच मिनिटे गेली, पंधरा गेली. कोणाचाच प्रोग्राम सुरू होईना. माझ्या संगणकावर मात्र व्यवस्थित चालत होता. शेवटी एका मुलीने आपला पडदा सर्वांना दाखवला तेव्हा उलगडा झाला. नमुन्यासोबत सेटिंगची एक नमुना फाईल येत असे. तिची नक्कल करून तिला नवे नाव द्यायचे आणि मगच प्रोग्राम सुरू करायचा. ही पायरी रीडमीत नव्हतीच. माझ्या संगणकावर ती फाईल दोन वर्षांपूर्वीच तयार झालेली होती, त्यामुळे तिची उणीव मला कधी जाणवली नव्हती. तपासणीच्या यंत्रावरही तीच स्थिती होती.

त्या रात्री मी जुने इश्यू चाळले. 'सुरूच होत नाही' अशी तक्रार अनेकांनी केली होती आणि आम्ही प्रत्येकाला तेच उत्तर दिले होते, "आमच्याकडे चालते आहे." मग सहज बंद केलेल्या पुल रिक्वेस्टी पाहू लागले. माझ्या त्या झाडलेल्या अंगणात, 'अपडेट रीडमी' अशाच शीर्षकाची एक होती. आत एकच ओळ वाढवलेली होती. 'आधी नमुना फाईलची नक्कल करून तिला हे नाव द्या.' खाली दोन साधी वाक्ये होती. मी विद्यार्थी आहे, या ठिकाणी माझा पूर्ण दिवस गेला, दुसऱ्या कोणाचा जाऊ नये म्हणून ही ओळ घालत आहे. त्याखाली माझी चिठ्ठी, 'स्पॅम'. शीर्षक तेच का होते, तर गिटहब स्वतःहून तेच सुचवते आणि नवखा माणूस ते बदलत नाही.

मी क्षमा मागायला म्हणून त्याचे नाव पाहिले. तिथे नाव नव्हते, 'घोस्ट' असे लिहिलेले होते. ज्याने आपले खाते काढून टाकले त्याच्या जागी गिटहब हे नाव दाखवते. त्याने ते माझ्यामुळे काढले की आणखी कशामुळे, हे मला कधीच कळणार नाही. पण आपले म्हणणे बरोबर असूनही कोणी ते वाचलेच नाही, एवढे त्याला नक्की कळले होते. मला सातवीतला वर्ग आठवला. काका रागावतील म्हणून घातलेली खाली मान आठवली. माझ्या वहीत त्या मुलाने फाटलेले पान स्वतः आणून ठेवले होते, आणि मी ते केरात टाकले होते.

ती ओळ मी दुसऱ्या दिवशी रीडमीत घातली. बदलाच्या नोंदीत लिहिले की, ही दुरुस्ती एका विद्यार्थ्याने ऑक्टोबरमध्येच पाठवली होती, ती न वाचता नाकारली ही माझी चूक होती. गिटच्या इतिहासात ती नोंद राहील. साहेबांना वाटले, एवढे उघड लिहायची काय गरज? मी म्हटले, "वही वाचण्यासाठीच असते, साहेब."

त्यानंतर आम्ही काही रीती घालून घेतल्या. न उघडता काहीही बंद करायचे नाही. नाकारायचे झाल्यास एका वाक्यात कारण द्यायचे. पुल रिक्वेस्ट पाठवताना 'तुम्हाला कोणती अडचण आली?' हा प्रश्न समोर येईल असा नमुना ठेवायचा, म्हणजे खरी सूचना आणि टी-शर्टची हाव लगेच वेगळी दिसते. विभागात नवा माणूस आला की पहिल्या दिवशी कोऱ्या संगणकावर, कोणालाही न विचारता, फक्त रीडमी वाचून नमुना चालवायला सांगायचे. तो जिथे अडेल तिथे दुरुस्ती. आणि रांग आवरेनाशी झाली तर मदत मागायची. थकलेल्या माणसाने झाडू हातात घेऊ नये, हेही मी शिकले. आता तर यंत्राकडून लिहून घेतलेले बदल क्षणात पाठवता येतात. रांगा वाढल्या आहेत आणि वाचणाऱ्याचे डोळे दोनच आहेत. म्हणून पाठवणाऱ्याची जबाबदारीही वाढली आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी काही जण या जगात नक्की याल. पहिली पुल रिक्वेस्ट पाठवाल तेव्हा शोभेचा शब्द चिकटवू नका, आपले नाव घालू नका. तुम्ही स्वतः जिथे अडलात ती जागा शोधा आणि तेवढीच दुरुस्त करा. शीर्षकात काय केले ते नीट लिहा. 'अपडेट रीडमी' असे मात्र लिहू नका! नवखा असणे हा तेव्हा तुमचा कमीपणा नसतो. जाणत्याला न दिसणारी फट नवख्यालाच दिसते. आणि कोणी न वाचता नाकारले तर खचू नका, एकदा पुन्हा विचारा. पलीकडे माझ्यासारखे थकलेले कोणी असू शकते.

पालकांना एवढेच सांगते की मुलगा किंवा मुलगी संगणकावर 'फुकटचे काम' करते आहे असे वाटले, तर ती काय दुरुस्त करते आहे ते एकदा विचारा. आणि विश्वस्त मंडळींना एक विनंती आहे. शाळेच्या संगणक कक्षातील धड्यांची टिपणे आणि मुलांनी केलेले प्रोग्राम यांची एक रिपॉझिटरी करूया. आठवीच्या मुलांनी सातवीसाठी रीडमी लिहावी आणि सातवीने तिच्यात चुका काढाव्यात. मी दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी बंगलोरहून ऑनलाइन हजर राहीन, प्रत्येक सूचना उघडून वाचीन.

दिवाळीत शाळेत डोकावले होते. ग्रंथालयाच्या दाराशी खिळा आहे, वही नाही. काका आता नाहीत. या पत्रासोबत एक दोनशे पानी वही आणि पेन्सिल पाठवते आहे. सुतळी तेवढी तुम्ही बांधा.

आपली,
शाळेची एक माजी विद्यार्थिनी